एका प्रमाणपत्राची सात वर्षे

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आहे. पहिली ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, दीडशेच्या आत पट आणि आम्ही नऊ शिक्षक. शाळा एवढी लहान असली की कोणाच्या घरची म्हैस कधी व्याली हेही शिक्षकांना ठाऊक असते. आणि म्हणूनच एका मुलाची खरी अडचण, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिता न येणे (विशिष्ट अध्ययन अक्षमता), ओळखायला आम्हाला तीन वर्षे लागली हे सांगताना संकोच वाटतो. मी येथे २००३ पासून मराठी शिकवते. ज्याच्याविषयी लिहीत आहे त्याचे नाव मी बदलून ओंकार केले आहे. बदलताना एवढेच पाहिले की नव्या नावावरही अनुस्वार असावा, कारण तो अनुस्वार हीच माझ्या हातून सुटलेली पहिली खूण होती.

२०१५-१६ च्या वर्षी तो तिसरीत होता. आपले नाव तो कधी ‘ओकांर’ लिही, कधी ‘ओकारं’, आणि घाईत असला की नुसतेच ‘ओकार’. मी लाल शाईने गोल करून खाली ‘दहा वेळा लिही’ असा शेरा देत असे. तो मुकाट्याने लिहून आणी. दहांपैकी पहिली तीन नावे बरोबर असत, कारण ती माझ्या अक्षरावरून पाहून काढलेली असत. पुढे अनुस्वार सरकू लागे आणि आठव्या-नवव्या ओळीला तो पुन्हा भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. ही गोष्ट मी वर्षभर पाहिली आणि तिचा अर्थ ‘लक्ष नाही’ एवढाच लावला. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याबद्दल होणारे बोलणेही याच वळणाचे होते: घरी कोणी अभ्यास घेत नाही, बाप विहिरींवरच्या विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीत आणि आई शेतात, मग दुसरे काय होणार. त्याची आई एकदा शाळेत आली तेव्हा तिने या सगळ्याला एका वाक्यात उत्तर दिले होते. “बाई, पोरगं ढ न्हाय वो माझं. बापासंगं बसून मोटारीचं वाइंडिंग करतंय, तारंचं वेढं मोजून घालतंय. मग अक्षराचंच काय बिनसतंय त्याला?” प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि नसल्याचे मी तिला सांगितलेही नाही.

गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी केंद्रात, समावेशित शिक्षणाचे (वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्याच वर्गात शिकवण्याचे) एक प्रशिक्षण झाले, त्याला मी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून, खरे तर नाराजीनेच, गेले. तेथे आलेल्या फिरत्या विशेष शिक्षकांनी एक साधे काम दिले. वर्गातल्या एका मुलाबद्दल महिनाभर रोज दोन ओळी लिहायच्या. मात्र त्यांत ‘हुशार’, ‘आळशी’, ‘मंद’, ‘चंचल’ यांपैकी एकही शब्द येता कामा नये, मूल काय करते तेवढेच लिहायचे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम मला पहिल्या आठवड्यात जमले नाही. विशेषणे काढून टाकल्यावर माझ्याजवळ लिहिण्यासारखे काही उरतच नव्हते, म्हणजे मी पाहिलेलेच नव्हते.

मग दोनशेपानी वही आणली आणि ती शिक्षकांच्या खोलीत ठेवली. ओंकारला शिकवणाऱ्या प्रत्येकाने तीत लिहायचे ठरले. त्यातल्या काही नोंदी मला आजही पाठ आहेत. ‘कमळ हा शब्द मकळ असा वाचला, चित्र दाखवल्यावर लगेच कमळ म्हणाला.’ ‘फळ्यावरच्या पाच ओळी उतरवायला पस्तीस मिनिटे. प्रत्येक अक्षरासाठी मान वर, मान खाली.’ ‘घ आणि ध, भ आणि म यांत रोज गोंधळ, काल बरोबर ओळखलेले अक्षर आज ओळखले नाही.’ ‘परिसर अभ्यासाच्या तासाला विहिरीवरची मोटार पाइपात पाणी भरल्याशिवाय पाणी का ओढत नाही ते सगळ्या वर्गाला समजावून सांगितले. तेच लिहायला दिले तर दीड ओळ.’ शेवटची नोंद आमच्या गणिताच्या सरांची. ‘बाप वायरमन आहे म्हणून एवढे येते’ असे त्यांनी त्याखाली लिहिले होते. नंतर नियम आठवून ते त्यांनी स्वतःच खोडले.

महिन्याअखेरीस वही वाचली तेव्हा तोंडी आणि लेखी यांच्यातले अंतर कोणालाही दिसेल इतके ठळक होते. पण लगेच नाव देण्याची घाई करू नये हेही त्याच वेळी शिकावे लागले. आमच्याकडची पुष्कळ मुले ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा लिहितात, ‘लोणी’चे ‘लोनी’ करतात, ‘होते’च्या जागी ‘व्हतं’ लिहितात. हा दोष नव्हे. घरी जे बोलले जाते ते कानाने ऐकून प्रामाणिकपणे लिहिलेले असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही खूण म्हणून कामाच्या नाहीत, त्या तर आम्हा शिक्षकांच्या टाचणवह्यांतही सापडतात. ओंकारचे वेगळे होते ते असे की त्याच्या चुका बोलीतून येत नव्हत्या आणि एका जागी स्थिरही राहत नव्हत्या. वर्गातली एक मुलगी प्रत्येक वेळी ‘पानी’च लिही, तो सकाळी ‘पाणी’, दुपारी ‘पीणा’ आणि दुसऱ्या दिवशी ‘पणी’ लिही.

आपल्या लिपीत अशा मुलाला अडवणारे काय काय आहे याचा विचार मी बारा-तेरा वर्षे मराठी शिकवूनही केलेला नव्हता. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ‘कि’ म्हणताना आधी क येतो आणि लिहिताना वेलांटी क च्या आधी काढलेली दिसते. ‘सूर्य’ या शब्दात र आधी उच्चारायचा आणि तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा; ‘प्रकाश’मध्ये तोच र पायाशी तिरपी रेघ होऊन येतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली काकपदासारखा आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी वेगळा. ध्वनी एक आणि रूपे इतकी. शिवाय काना, मात्रा, उकार आणि अनुस्वार ही चिन्हे अक्षराच्या चारही बाजूंना बसणार. ज्या मुलाला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणेच कष्टाचे, त्याला यात कोठे पाहायचे हे कळावे तरी कसे?

आम्ही प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले. दोन्ही उत्तम निघाले. त्यानंतर खरी प्रक्रिया सुरू व्हायला हवी होती, पण ती कोठे आणि कशी सुरू होते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती १९९६ पासून मिळत आहेत; म्हणजे मी नोकरीला लागले त्याच्याही सात वर्षे आधीपासून. तपासणीची सोय मात्र सुरुवातीला मुंबईतल्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांत होती. तो शासननिर्णय आमच्या तालुक्यापर्यंत कागद म्हणून पोचला असेल, उपयोग म्हणून पोचला नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला आणि त्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा आमच्या बैठकीत कायदा म्हणून बोलली गेली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शाळेने प्राथमिक चाळणी करावी, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, प्रमाणपत्र आठ वर्षांच्या पुढेच द्यावे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी, असे त्यांत म्हटले होते. ओंकार तोवर पाचवीत गेला होता. समिती स्थापन झाली, म्हणजे मुख्याध्यापक, गणिताचे सर आणि मी अशा तिघांनी एका कागदावर सह्या केल्या.

पहिली फेरी फसली. एका मोठ्या रुग्णालयात आईबाप त्याला घेऊन गेले. दोन वेळा ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणून परत आले. प्रत्येक खेपेला दोघांची रोजी बुडाली. तिसऱ्या वेळी तपासणी झाली ती पाऊण तासात, आणि वाचायला दिलेला उतारा इंग्रजी होता. मराठी माध्यमाच्या पाचवीतल्या मुलाला, ज्याला मराठीच वाचता येत नाही, इंग्रजी उतारा! अहवालात बुद्धिमत्ता सर्वसाधारणपेक्षा कमी असल्याचे लिहून आले. तो कागद आईने माझ्यासमोर ठेवला तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. “ह्ये लिवायला तीन येळा बोलावलं व्हय?” एवढेच ती म्हणाली.

येथे माझा स्वभाव सोडून मी भांडले. अहवालाला हरकत घेणारे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवले आणि सोबत त्या वहीतल्या नोंदींच्या छायाप्रती जोडल्या. मराठीतून चाचणी करण्याची साधने देशात आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही साधनमाला २०१५ मध्ये प्रकाशित झाली आणि तिच्या भाषांत मराठीही आहे, हे फिरत्या विशेष शिक्षकांनी मला सांगितले होते, तेही मी पत्रात लिहिले. पत्राचे उत्तर कधीच आले नाही. मात्र त्याच शिक्षकांनी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या एका केंद्राची वेळ मिळवून दिली, आणि या वेळी मी बरोबर गेले.

ती तपासणी तीन बैठकांत झाली. पहिल्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी जन्मापासूनची हकीकत विचारली: वेळेवर रडला का, बोलायला केव्हा लागला, घरात आणखी कोणाला वाचायला त्रास होता का. यावर बाप बराच वेळ गप्प बसला आणि मग हळू आवाजात म्हणाला की तोही चौथीतून याच कारणाने सुटला होता. बायकोला लग्नानंतर इतक्या वर्षांत हे माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापन केले. भारतीय मुलांसाठीच्या मालिन यांच्या श्रेणीत शब्दांचे आणि कृतींचे असे दोन भाग असतात; रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवण्याच्या भागात ओंकारने दिलेल्या वेळेच्या निम्म्यात काम संपवले आणि ‘आता काय करू’ म्हणून मानसशास्त्रज्ञांकडे पाहत राहिला. मी दाराच्या काचेतून पाहत होते. त्याला कोठल्याही परीक्षेत वेळ उरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी विशेष शिक्षिकेने मराठीतून वाचन, लेखन, आकलन आणि गणिताची तपासणी केली. तिने आमची वही मागून घेतली आणि पाने उलटता उलटता विचारले, “हे वर्गशिक्षकांनीच लिहिले आहे ना?” मला बरे वाटले हे कबूल करते.

त्या सूचनांप्रमाणे बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच पुढची प्रक्रिया होई. त्याचा १०४ आला. वाचन आणि लेखन यांतली विशिष्ट अध्ययन अक्षमता, गणितात संख्यालेखनापुरती अडचण, आणि एकूण प्रमाण ४० टक्क्यांच्या वर, असे प्रमाणपत्र महिन्याभराने मिळाले. सगळे शिक्षक खूष झाले. घरी मात्र त्या कागदावरून आठवडाभर अबोला होता, कारण त्यावर ‘दिव्यांग’ हा शब्द छापलेला होता. बापाने ते प्रमाणपत्र धान्याच्या कोठीमागे ठेवून दिले. त्याचे म्हणणे असे की हातपाय धड असलेल्या पोराला हा शब्द लागला तर गावात त्याचे लग्न कोण जमवणार. आम्ही हसलो नाही. ज्या समाजात तो राहतो त्याची त्याला आमच्यापेक्षा अधिक माहिती होती. शेवटी मुख्याध्यापकांनी मध्यम मार्ग काढला: कागद शाळेच्या कपाटात राहील, त्याचा उपयोग परीक्षेपुरता होईल आणि वर्गात त्याचा उच्चार होणार नाही.

प्रमाणपत्र हाती आल्यावर माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. मला नकळत असे वाटत होते की त्यासोबत काही औषध, काही पद्धत, निदान एखादे पुस्तक मिळेल. त्यात फक्त सवलती होत्या. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे. मुलाला वाचता येत नसताना परीक्षा कशी द्यावी हे त्या कागदाने सांगितले. त्याला वाचायला कसे शिकवावे हे मात्र आम्हालाच शोधायचे होते, आणि ते शोधताना इतर मुलांनाही आपण वर्षानुवर्षे कसे शिकवत आलो हे समोर आले.

आम्ही दोघी शिक्षिका शेजारच्या फलटणला जाऊन आलो. तेथे शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचन शिकवताना मुळाक्षरे ‘क, ख, ग’ या क्रमाने न घेता अक्षरांचे गट करून घेतात, म्हणजे पहिल्या काही अक्षरांतूनच मुलाला अर्थ असलेले शब्द वाचता येतात. (त्यांच्या शाळेला कमलाबाई निंबकरांचे नाव आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाला रोजची कामे करता यावीत यासाठीच्या उपचाराचे, शिक्षण सुरू केले. मुलांना वाचते-लिहिते करणाऱ्या शाळेने हे नाव मिरवावे यापेक्षा योग्य ते काय?) परत आल्यावर मी ओंकारसाठी गट पाडले, पण त्यात एक बदल केला: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व अशा दिसायला जवळच्या जोड्या एका गटात कधीच ठेवल्या नाहीत. एक पक्के झाल्याशिवाय त्याचा जुळा भाऊ वर्गात येणार नाही, असे आम्ही त्याला सांगत असू. परातीत नदीची वाळू पसरून तो बोटाने अक्षर काढी, काढताना मोठ्याने उच्चारी, मग पुसून डोळे मिटून पुन्हा काढी. अनुस्वारासाठी मी वाटाणे दिले. आधी शब्द तोंडाने तोडायचा, नाकातून आवाज कोणत्या तुकड्यात आला ते नाकावर बोट ठेवून पाहायचे, आणि मगच वाटाणा ठेवायचा. स्वतःच्या नावावर वाटाणा योग्य जागी ठेवायला त्याला नऊ दिवस लागले.

रोज शाळा भरण्याआधी पंचवीस मिनिटे हे काम चाले. लवकरच तिसरी-चौथीची आणखी चार मुले तेथे येऊन बसू लागली. त्यांच्यापैकी दोघांना कोणतीही अक्षमता नव्हती. त्यांना कोणी नीट शिकवलेलेच नव्हते. हे वाक्य लिहिताना त्यांची शिक्षिका मीच होते हे मला विसरता येत नाही.

गणिताच्या सरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. ओंकार पंचवीस ऐकून ५२ लिही. सर म्हणत, उलटसुलट लिहिण्याची त्याला खोडच आहे. एकदा मी त्यांना विचारले की ‘पंचवीस’ या शब्दात आधी काय ऐकू येते. पाच. मग वीस. मुलगा जे ऐकतो त्याच क्रमाने लिहितो, यात खोड कसली? ते काही बोलले नाहीत. जून २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी संख्यानामे जुन्या नावांबरोबर आली आणि राज्यभर गहजब झाला. मंगला नारळीकर यांच्या समितीवर वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि विधिमंडळातूनही टीका झाली. मराठी भाषा बुडवायला निघाल्याचे आरोप झाले. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही बहुतेकांनी नाके मुरडली. तेव्हा गणिताचे सरच उठून म्हणाले, “तुम्ही ओंकारची वही बघितली नाही, म्हणून तुम्हाला हसू येते.” सरांनी स्वतः एक युक्ती काढली होती. आमच्या भागात वाघ्या घेवडा पिकतो, लालसर अंगावर गडद रेघा असलेला. घरोघरी तो पोत्याने असतो. दहा दाण्यांची एक काडेपेटी, उरलेले सुटे दाणे. पंचवीस म्हटले की ओंकारने आधी हात काडेपेट्यांकडे न्यायचा, दोन पेट्या डावीकडे ठेवायच्या आणि मग पाच दाणे उजवीकडे. कानाने ऐकलेला क्रम हाताने उलटवायचा. दोन महिन्यांनी पेट्या दूर केल्या, तरी संख्या लिहिण्यापूर्वी त्याचा डावा हात बाकावर हलकेच सरकायचा. दहावीपर्यंत ती सवय राहिली.

वर्गातून विरोधही झाला. एका पालकाने सभेत विचारले की त्यालाच जास्त वेळ का, आमच्या मुलीला दिला तर तिचेही गुण वाढतील. मुख्याध्यापक म्हणाले, वाढत असतील तर घटक चाचणीला सगळ्यांनाच अर्धा तास जादा देऊ. खरोखरच दिला. त्या मुलीने पेपर वेळेआधीच देऊन टाकला. ओंकार शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होता. तो प्रश्न पुन्हा आला नाही.

करोनाची दोन वर्षे आमच्यासाठी वाईटच होती, पण एक गोष्ट घडली. मी धडे वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण भ्रमणध्वनीवरून पाठवत असे, आणि ओंकार ते मोटारींच्या दुकानात बसून, तारेचे वेढे घालता घालता तीन-तीन वेळा ऐकत असे. आठवीचे मराठीचे पुस्तक त्याला सबंध येत होते. वाचून नव्हे, ऐकून. ते शिक्षण मानायचे की नाही यावर आमच्यात वाद झाला, मी मानते.

चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, नववीत, पुन्हा तपासणी करावी लागली. ही फेरी सुरळीत झाली. त्याचा वाचनाचा वेग वाढला होता, पण वयाच्या मानाने मागेच होता. प्रमाणपत्र कायम राहिले. दहावीच्या वर्षी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा होता, आणि त्या अर्जातल्या एका रकान्याने आमची झोप उडवली. अशा मुलांना नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय घेता येतो. मला ते घ्यावे असे वाटत होते. एक मोठे ओझे उतरले असते. आईलाही तसेच वाटले. गणिताच्या सरांनी मात्र साफ नकार दिला आणि कारण विचारल्यावर म्हणाले, “त्याला पुढे काय करायचे आहे हे कोणी विचारले का?” विचारले नव्हते. ओंकारला आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करायचा होता आणि त्याच्या प्रवेशाला दहावीचे गणित आणि विज्ञान लागते. मी प्रेमाने जी सवलत त्याच्या गळ्यात बांधायला निघाले होते, तिने त्याची हवी ती वाट बंद केली असती. त्याने नेहमीचेच गणित ठेवले; सवलत घेतली ती गणकयंत्राची.

लेखनिकाचे प्रकरण बाहेरून सोपे दिसते. नियमाप्रमाणे लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा होता. नववीतली एक मुलगी तयार झाली. आम्ही समजत होतो की हा सांगेल आणि ती लिहील. पहिल्या सरावात त्याने निबंधाचे सगळे एका दमात सांगून टाकले आणि ती चौथ्या शब्दावर अडकली. सांगणे हेही एक कौशल्य आहे, ते शिकवावे लागते. किती शब्दांनंतर थांबायचे, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ हे कसे म्हणायचे, आधीचे वाक्य परत वाचून घ्यायचे, आकृती मात्र स्वतःच काढायची. दुसरी अडचण तिच्याकडून आली. ती हुशार होती. त्याचे वाक्य चुकले की आपोआप सुधारून लिही. तिला थांबवणे त्याला शिकवण्यापेक्षा कठीण गेले. आणि तिसरी भाषेची: तो ‘पाऊस लई व्हता’ असे सांगे. तिने ते तसेच लिहावे की नाही? आम्ही ठरवले की बदल करायचा तर तो त्यानेच करायचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर शनिवारी हे दोघे ग्रंथालयात बसत आणि तो आधी आपल्या बोलीत वाक्य पुटपुटे, मग प्रमाण मराठीत तिला सांगे. मराठीच्या तासाला जे मला जमले नाही ते या शनिवारांनी केले.

मार्च २०२३ मध्ये परीक्षा झाली. ताशी वीस मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. केंद्रावर त्याला वेगळी खोली दिली होती आणि पर्यवेक्षक समजूतदार होते. बाहेर बाप चार तास झाडाखाली बसून राही. गणिताच्या पहिल्या भागाच्या दिवशी तो लवकर बाहेर आला आणि म्हणाला की गणकयंत्र लागलेच नाही, कारण ते बोटांपेक्षा हळू चालते. मला भीती वाटली. निकालात गणिताला ५७ होते, मराठीला ४९ आणि विज्ञानाला ७१. सर गणिताचा आकडा बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले की हा आकडा त्याने उलटा वाचला तरी वाईट नाही, पंच्याहत्तर होतात.

त्याला आयटीआयला हवा तोच अभ्यासक्रम मिळाला. प्रवेशाच्या अर्जात दिव्यांग प्रवर्गाचा रकाना भरावा की नाही यावर घरात पुन्हा चर्चा झाली. या वेळी बापाने कोठीमागची आठवण काढून स्वतःच शाळेत येऊन प्रमाणपत्र मागितले. ओंकारने रकाना भरला नाही. गुणांवर प्रवेश मिळत होता आणि कागद लागेल तेव्हा काढू, असे त्याचे म्हणणे. मी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला, कारण तेथील लेखी परीक्षेतही त्याला जादा वेळ लागणार हे मला दिसत होते. पहिल्या सहामाहीनंतर त्याने तेथील शिक्षकांना स्वतःच सांगितले, आणि मग मला निरोप पाठवला. लिहून नव्हे, बोलून, जसा तो नेहमी पाठवतो: “बाई, कागुद काढला वो. ती तुमची वही पन मागत्यात. हाय का अजून?”

वही होती. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात ‘लक्ष देत नाही’ असे लिहून खोडलेले आहे, ते तसेच ठेवून मी छायाप्रत पाठवली.